झेब्रा की बिकॉज?

मुलांसाठी नेहमी लागणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी करायला बसलो तेव्हा वाटलं अर्ध्या तासाचं काम, पण झेब्रा घ्यायचा की बिकॉज इथेच गाडी अडली. तक्त्यावर झेब्रा असतोच हो, पण बोलताना लागतो कितीदा? इंग्रजी शिकवण्यावर काम करणाऱ्या मायकेल वेस्टची १९५३ची साधारण २००० शब्दांची यादीसुद्धा मुख्यतः कोणता शब्द किती वेळा येतो यावरच बेतलेली होती.

खरी डोकेदुखी 'गेट'ची! गेट अप म्हणजे उठ, गेट वेट म्हणजे भिजणं, गेट अ लेटर म्हणजे पत्र मिळणं, म्हणून मी आता त्या एकाच शब्दाला चार ओळी देतो आणि प्रत्येकीत एक छोटं वाक्य. आणि लेफ्ट-राइट एकाच दिवशी अजिबात नाही, पोरं हमखास उलटं करतात.