एच८चा उंट

अमृतमहोत्सवाचं पत्र हातात पडलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते सर. कोणते सर, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही. शिकवायचे गणित, पण आम्हा पाच-सहा पोरांना त्यांनी बुद्धिबळाचं वेड लावलं.

१९८८ साली विश्वनाथन आनंद भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि सरांनी पदरमोड करून दोन पट आणले. मधल्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात डाव मांडायचे. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं की आपलं सी५, म्हणजे उभ्या सी पट्टीतल्या पाचव्या घरात प्यादं. ही सिसिलियन नावाची सुरुवात! मग प्यादं जी६ला आणि उंट जी७ला, की झाला सिसिलियनचा ड्रॅगन प्रकार. "हा उंट म्हणजे ड्रॅगनचा जीव. ह्याला जपायचं," हे सरांचं नेहमीचं.

पुढच्या वर्षी मला घेऊन ते सांगलीला कुमारांच्या स्पर्धेला गेले. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांची सांगली म्हणजे सरांची पंढरी. चौथ्या फेरीत समोर पुण्याचा मुलगा. त्यानं वजिराच्या बाजूला किल्लेकोट केला, म्हणजे राजा तिकडे सुरक्षित नेला; मी राजाच्या बाजूला. त्याचं एच पट्टीतलं प्यादं माझ्या राजावर चालून आलं, माझा हत्ती सी पट्टीत दबा धरून. तेवढ्यात त्याचा उंट एच६ वर आला. मी घाबरलो आणि उंटानं उंट मारला. त्याचा वजीर थेट माझ्या राजासमोर येऊन बसला. २६व्या चालीला मात.

मिरजेहून पॅसेंजरमध्ये बसलो. सर रागावले नाहीत. पिशवीतून छोटा चुंबकाचा पट काढून मांडीवर ठेवला. कुडची गेलं, रायबाग गेलं, सरांची मान वर नाही. घटप्रभेला म्हणाले, "उंट एच८ला सरकवायचा होतास की रे! एफ८चा हत्ती खाल्ला असता, खाऊ दे. त्याचा काळ्या घरातला उंट संपला असता आणि आपला जिवंत राहिला असता." मग खाली उतरून माझ्यासाठी गरम भजी घेऊन आले.

आज मी हुबळीत मुलांना बुद्धिबळ शिकवतो. माझे तीन विद्यार्थी राज्य स्पर्धेपर्यंत पोचले. २०२५च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा पहिला फोन सरांना करावासा वाटला. पण सर नव्हते. व्हरांडाही आता राहिला नाही. तिथं खोल्या झाल्या. हव्याच होत्या, तरी गेल्या खेपेला बघून जीव कासावीस झाला.

सरांच्या वहिनींनी त्यांची डावांची वही मला दिली. सांगलीचा डाव तिच्यात आहे. माझ्या त्या चालीपुढे लाल शाईनं प्रश्नचिन्ह, म्हणजे चाल चुकली, आणि समासात बारीक अक्षरात: "पोरगं सकाळपासून जेवलेलं नाही."