काटा कोणत्या पायात?

स्टुडिओत काउंटरच्या मागं एक कॅलेंडर लटकवलंय. महिना फेब्रुवारी चालू आहे, पण पान ऑगस्टचं आहे. पासपोर्टच्या फोटोला आलेलं गिऱ्हाईक तारीख बघतं आणि गोंधळतं. त्याला म्हणतो, मोबाईलमध्ये बघा.

काम असं होतं. अपंगांसाठी काम करणाऱ्या आमच्या भागातल्या एका संस्थेला ३ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक अपंग दिनाच्या कार्यक्रमात कॅलेंडर काढायचं होतं. बारा महिन्यांना बारा गाजलेली चित्रं, आणि चित्रातल्या माणसाच्या जागी अंबाजोगाई-केज-परळीकडचं अपंग माणूस. फोटोच्या कोपऱ्यात मूळ चित्र लहान आकारात, म्हणजे बघणाऱ्याला ताडून बघता यावं. पुढचा सगळा घोळ त्या कोपऱ्यानं केला.

कल्पना जुनीच आहे, पण वाईट नाही. जपानच्या यासुमासा मोरिमुरानं १९८८ मध्ये एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’त पलंगावरची गोरी बाई आणि मागची काळी दासी, दोन्ही स्वतःच होऊन फोटो काढला. आपल्याकडं पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात दक्षिणेतल्या बायकांच्या ठरीव प्रतिमा स्वतःच्या अंगावर घेतल्या, त्यात रवी वर्मांची लक्ष्मीही होती. असल्या फोटोत नक्कल हुबेहूब असावी लागते, म्हणजे जे एक बदललंय ते डोळ्यात खुपतं. हे मी संस्थेच्या सचिवांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्याला इतकं खोल नको, लोकांना पटकन कळलं पाहिजे.

पटकन कळणारी पानं झटपट झाली. डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याच्या डुलातली मुलगी १६६५ च्या आसपासची. मोत्याच्या जागी नववीतल्या पोरीचं श्रवणयंत्र. त्यात अडचण एकच. श्रवणयंत्राचं फिकट प्लास्टिक मोत्यासारखं चमकत नाही, उजेड गिळून बसतं. ग्लिसरीनचा एक थेंब कापसानं खालच्या कडेला टेकवला (वरच्या बाजूला मायक्रोफोनची भोकं असतात, तिथं ओल गेली की यंत्राची वाट लागते). मागचा पडदा मी मुद्दाम गडद हिरवा लावला. अलीकडच्या तपासणीत त्या चित्राची काळी दिसणारी पार्श्वभूमी मुळात हिरवा पडदा होता असं निघालंय. सचिव म्हणाले, काळा करा, चित्रात काळा आहे. केला.

हातात दिवा धरलेल्या बाईच्या पानाखाली संस्थेनं ‘चित्रकार : राजा रवी वर्मा’ छापायला दिलं होतं. ते चित्र सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि जलरंगातलं आहे. आपल्याकडं साडीतली बाई दिसली की ती रवी वर्माचीच. हे एक मात्र मी दुरुस्त करून घेतलं.

आता ऑगस्ट.

रवी वर्मांची शकुंतला सगळ्यांनी पाहिलेली असते. मैत्रिणीच्या खांद्यावर हात टेकून, पायातला काटा काढायच्या मिषानं मागं वळून दुष्यंताला बघणारी. १८९४ मध्ये सुरू झालेल्या रवी वर्मांच्या छापखान्यातून पहिलं चित्र निघालं तेही शकुंतलेच्या जन्माचं. घराघरात ही बाई तेव्हापासून भिंतीवर आहे.

माझी शकुंतला पिठाची गिरणी चालवते. वय चाळिशीतलं. उसाच्या ट्रॉलीखाली पाय गेला तो गुडघ्याच्या खाली, तेव्हापासून जयपूर फूट. तो पाय डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ मध्ये जयपुरात उभा केला. पंजा रबराचा असतो, त्यामुळं अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. वरची नळी प्लास्टिकची.

माझ्या डोक्यातलं चित्र असं : काटा रबराच्या पायात. उचललेला पाय कृत्रिम, त्यात बाभळीचा काटा रुतलेला आणि बाई तो शांतपणे काढतेय. मला ही कल्पना फार भारी वाटली होती. अडचण एकच. चित्रात शकुंतलेनं जो पाय उचललाय, ताईंचा तो धडधाकट होता. रबराचा होता तो जमिनीवर टेकलेला.

उपाय साधा वाटतो. सगळी मांडणी आरशातल्यासारखी उलटी करायची, रबराचा पाय उचलायला लावायचा आणि कॉम्प्युटरवर फोटो पुन्हा उलटवायचा. पण उलटवलं की काय काय उलटतं ते आधी बघावं लागतं. पदर उजव्या खांद्यावर जातो. नाकातली चमकी दुसऱ्या नाकपुडीत जाते. हातावरचं गोंदण हात बदलतं. हे डिझायनरला दिसत नाही, गावातल्या बायांना सगळ्यात आधी दिसतं. म्हणून नेसतानाच पदर उजवीकडं घ्यायचा, चमकी काढून ठेवायची, गोंदणाचा हात पदराखाली झाकायचा. एवढी तयारी करून मी सकाळी साडेसहाला मुकुंदराजच्या दरीकडं सामान उतरवलं. ताई आल्या. बरोबर धाकटी जाऊ आणि कॉलेजातली पुतणी, त्या दोघी सख्या.

‘‘ताई, पदर उजव्या खांद्यावर घ्यावा लागंल.’’

‘‘उजवा पदर असतो व्हय ओ दादा आपल्यात?’’

मग उलटवायचं कारण सांगावं लागलं, आणि कारण सांगताना गोष्ट सांगावी लागली. कालिदासाच्या नाटकात काटाही नाही, दर्भाचं टोक आहे. तेही खरं लागलेलं नाही. थांबायला निमित्त.

ताईंनी नीट ऐकून घेतलं. ‘‘म्हंजे पाय धड हाय, अन् ती नाटक करतीय.’’

‘‘हो.’’

‘‘मंग धड पायच उचलते की. रबराला काटा लागल्याला मला तरी कळंल का? आन् माझा भार सगळा हितं असतोय.’’ असं म्हणून त्यांनी नळीवर थाप मारली. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा आवाज आला.

म्हणजे चित्रात आहे तसंच. काही उलटवायचं नाही. उभी राहायची ती रबराच्या पायावर. मी आठवडाभर डोकं लावून जे जमवलं होतं ते त्यांनी दोन वाक्यांत मोडलं, आणि वर बरोबरही होत्या.

पण एकट्या कृत्रिम पायावर उभं राहणं ही चेष्टा नाही. धड पायाचा घोटा बारीक बारीक हालचाली करून तोल सांभाळतो. रबराच्या पंज्याला त्या येत नाहीत, मग गुडघा आणि कंबर ते काम करतात. शिवाय सगळं वजन साच्यातून गुडघ्याच्या वाटीखाली येतं, तिथं काही सेकंदांत रग लागते. पहिल्या वेळी ताई मुरमावर उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या सेकंदाला कलल्या. जावेनं कंबरेला विळखा घातला म्हणून निभावलं. मुरूम बारीक गोट्यांसारखा पायाखालून सरकतो, आणि उतार डोळ्याला दिसत नव्हता तरी होता. गाडीत १२ मिलीमीटरचा प्लायवूडचा तुकडा होता, दीड बाय दोन फुटांचा. खाली वाळू सारून तो पातळीत बसवला, पातळी बघायला मोबाईल. वर मुरूम नुसता भुरभुरला, कडा पाचोळ्यानं झाकल्या. जाऊ ताईंच्याच उंचीची, म्हणजे हात खांद्यावर टेकला की कोपर वर जायचं आणि भार घेता यायचा नाही. जावेला चार बोटं खाली हवी होती. तिच्या पायाखालची माती उकरली. वीट सगळे वर ठेवतात, खड्डा कुणी करत नाही.

उजेडाचं सांगतो, कारण यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. तिघीही सावळ्या. आमच्या धंद्यात सावळ्या माणसाला उजेड वाढवून गोरं करतात, लग्नाच्या बायोडाट्याचा फोटो तर आयाच सांगून उजळ करून घेतात. उजेड वाढवला की त्वचा राखाडी पडते आणि पांढरं लुगडं फाटतं, म्हणजे त्याच्या घड्या दिसेनाशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. सावळ्या त्वचेला चमक लागते. मोठा मऊ दिवा बाजूनं तिरका आला की गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेवर, मनगटावर उजेडाची रेघ उमटते आणि तिथून आकार कळतो. बॅटरीवरचा ४०० वॉटसेकंदाचा फ्लॅश, पाच फुटांची अष्टकोनी छत्री, चेहऱ्यापासून सात फुटांवर, जवळजवळ काटकोनात. समोरून काही नाही. चेहऱ्याला पावडर बंद, फक्त पाण्यानं धुवायचं. रीडिंग कॅमेऱ्यावर न घेता हातातल्या मीटरनं हनुवटीपाशी. ८५ ची लेन्स, पंचवीस फुटांवरून, एफ ५.६, आयएसओ ४००, सेकंदाचा १६० वा भाग. मागची दरी एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडानं, अंधारी.

मग पद्धत बसवली. ताई स्टुलावर बसून. मी ‘चला’ म्हटलं की उठायचं, जावेचा खांदा धरायचा, धड पाय मागं उचलायचा, वळून बघायचं. पाच सेकंद. त्यात फ्लॅश चार्ज व्हायला लागतो तो वेळ धरून तीनच फ्रेम. पुन्हा बसायचं, दोन मिनिटं. असे अकरा फेरे. सातव्या फेऱ्यातली दुसरी फ्रेम पाहिली आणि कळलं, ही. ताईंची चार बोटं जावेच्या खांद्यात रुतलेली, ब्लाउजची शिवण ओढली गेलेली. मान वळलेली, पण जबडा आवळलेला. रवी वर्मांच्या शकुंतलेचा हात खांद्यावर नुसता ठेवलेला आहे, तिला आधार नकोच होता. हिला हवा होता. नंतर जावेनं पदर सरकवून दाखवलं, वळ उठले होते. ‘‘फोटू झाला न्हवं, मंग जाऊ द्या,’’ म्हणाली.

इथं थांबायला पाहिजे होतं. पण धंद्याची सवय आहे, जादाची एक फ्रेम हाताशी असावी. आठ वाजले होते, ऊन चढत होतं. म्हटलं, ताई, आता तो उलटा पण एक घेऊ, नुसता असू द्या. त्या धड पायावर उभ्या राहिल्या, रबराचा पाय उचलला, पंज्यावर मी बाभळीचा काटा चिकटवला. नळी चकाकत होती, मुलतानी मातीचा पातळ हात फिरवला. पदर डावीकडंच होता, चमकी नाकातच होती, बदलायला वेळ नव्हता. दोन मिनिटांत झालं. ताई आरामात उभ्या, हसऱ्या. फाईलला मी आधीच्या बेतानुसार नाव दिलं : शकुंतला, फ्लिप, दोन.

सचिवांनी सातव्या फेऱ्याचा फोटो मोठा करून, खाली-वर सरकवून पाहिला.

‘‘हिच्यात अपंग कोण आहे?’’

दाखवलं. लुगड्याच्या काठाखाली रबराची बोटं दिसतात, जरा फिकट रंगाची.

‘‘हे तुम्हाला माहीत. देणगीदाराला कसं कळणार?’’

माणूस वाईट नाही. दरवर्षी पाय बसवायचं शिबिर तोच भरवतो, दाखल्यांसाठी लोकांना घेऊन तोच बीडला खेटे घालतो. त्याच्या हिशोबानं ज्या फोटोत पाय दिसतो तोच फोटो पुढच्या माणसाला पाय मिळवून देतो. मला त्याला उत्तर देता आलं नाही. ‘दुसरा आहे का’ म्हणाले, आणि दुसरा होता. नसता तर हाच छापावा लागला असता.

दोन्ही फाईली डिझायनरकडं गेल्या. त्यानं कोपऱ्यात मूळ चित्र लावलं, शेजारी आमचा फोटो ठेवला, दिशा जुळेना. फाईलच्या नावात ‘फ्लिप’ होतंच. त्यानं उलटवला. त्याची काही चूक नाही. प्रूफ माझ्याकडं मोबाईलवर आलं, तेव्हा मी केजमध्ये एका हळदीच्या मांडवात होतो. दोन बोटांनी मोठं करून त्वचेचा रंग तेवढा पाहिला, बरोबर होता, ओके लिहिलं. पाचशे प्रती छापल्या.

कार्यक्रमानंतर चार दिवसांनी ताईंचा फोन. मागं गिरणीचा पट्टा चालू.

‘‘दादा, पदर उजवीकडं गेलाय की ओ माझा.’’

म्हटलं, चुकलं ताई.

‘‘त्ये जाऊ द्या. सासूबाई म्हनत्यात, तुझा पाय कंचा गेलाय? मी पान बघितलं, पाय बघितला. माझा चांगला पायच न्हेला की तुम्ही.’’

मला काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, एकाच महिन्याचं पान आहे ताई, ऑगस्टचं.

‘‘बरं,’’ पट्ट्याच्या आवाजावर ओरडून त्या म्हणाल्या, ‘‘मंग ऑगस्टभर त्याच्यावर चालते.’’ आणि दळण संपल्यावर जातं कोरडं फिरतं तसा आवाज आला, त्यांनी घाईनं फोन ठेवला.