रेंज गेली

शनिवार, 26 जून 2021, सांगली

सकाळपासून एकाच जागी अडकलेय. रेकॉर्डिंग थांबवायचं, मागं न्यायचं, परत ऐकायचं.

वाळव्याकडच्या एका आशाताईंची, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविकेची, फोनवर घेतलेली मुलाखत. इस्लामपूरला मार्च 2020 मध्ये कोरोनाचे पहिले पेशंट सापडले तेव्हापासून त्या पायाला भिंगरी लावून फिरतायत. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आलं, मग घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजणं. "लोकांचं काय न्हाई मॅडम. पण घरात... आमची जाऊच म्हटली..." आणि मग काहीच नाही. अकरा सेकंद. नंतर माझा आवाज, "हॅलो? हॅलो ताई, आवाज येतोय का?"

"येतोय की. इचारा पुढचं."

आणि मी विचारलं पुढचं! मास्क किती मिळाले, म्हणून.

त्या दिवशीच्या टिपणात ‘रेंज गेली’ लिहून मोकळी झाले होते. आज हेडफोन लावून ऐकलं, तर त्या अकरा सेकंदांत मागं कुकरची शिट्टी होतेय, कुणीतरी पोराला हाक मारतंय. रेंज जागच्या जागी होती.

सोप्यात समोरासमोर बसले असते तर गप्प राहिले असते. तेवढं येतं मला. माणूस पदराशी चाळा करतं, दाराकडं बघतं, आपण थांबायचं. फोनवर गप्प म्हणजे रेंज, एवढंच डोक्यात बसलंय. की जाऊ तिथंच होती? संमतीपत्र वाचताना ‘नको वाटलं तर सांगू नका’ असं मीच म्हटलं होतं. मग त्यांनी तेच केलं असेल तर? पण मी विचारलंच कुठं होतं, त्या आपणहून बोलत होत्या.

आणि माझी तरी काय हौस! तासाभराच्या मुलाखतीला सहा तास टायपिंग, शेजारचा मिक्सर, सरांना सोमवारी सगळं हवंय. एप्रिलात काकांचं झालं तेव्हा मीही... जाऊ दे.

परत फोन करू? काय म्हणून? ‘ताई, तुमच्या जावेचं राहिलं’?

मघाशी हेडफोनची पिन निघाली ते कळलंच नाही. स्वयंपाकघरातून आई, "कुणाला गं मगापासून हॅलो हॅलो? उचलत नसंल तर ठेव की!"

हसूच आलं. ‘रेंज गेली’ खोडलं. ‘शांतता, 11 सेकंद, मागे कुकर’ असं टाइप केलं, आणि त्याखाली माझं हॅलो, दोन्ही वेळचं, जसंच्या तसं.