तुम्ही विचारलंत म्हणून: युरोपातल्या साथीविना समूहगानात तंबोरा नसतो, मग गाता गाता सूर उतरत नाही का?

उतरतो. पॅलेस्ट्रिना किंवा व्हिक्टोरिया या १६व्या शतकातल्या चर्च-संगीतकारांचं समूहगान ऐकलं की आपल्याकडे हमखास हा प्रश्न येतो, कारण साथीला पेटी नाही, तंबोरा नाही. गंमत म्हणजे प्रत्येक जण चोख सुरात असला तरीही उतरतो.

तंबोरा जुळला की त्यातून जो स्वयंभू (न छेडता आपोआप उमटणारा) गंधार ऐकू येतो, तोच इथे हवा असतो. पियानोचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा (पियानोवर सा ते कोमल रे म्हणजे १०० सेंट). आता सा वरून मंद्र ध वर उतरा, तिथून चढून रे, मग प, आणि परत सा. प्रत्येक अंतर असं नैसर्गिक, चोख जुळणारं घेतलंत, तर परतीचा सा साडेएकवीस सेंट खाली लागतो. बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञाने हा गोंधळ १६व्या शतकातच आकड्यांनिशी दाखवला होता. अशा पाच फेऱ्या झाल्या की सूर पेटीची अख्खी एक पट्टी खाली गेला.

इलाज रिषभात आहे. ध शी जुळणारा रे जरा खालचा, प ला लागणारा जरा वरचा. रे लांब असेल तर धरल्या धरल्या किंचित वर सरकवायचा. नोटेशनवर पेन्सिलीने वरचा बाण काढून ठेवायचा.

बाकीची घसरण मात्र गाणाऱ्यांचीच. एकच स्वर चार-पाचदा आला की दर वेळी थोडा बसतो. १९७३ साली सुरू झालेल्या ‘टॅलिस स्कॉलर्स’ या इंग्लंडच्या गायकसंचासारखे एका भागाला (एकाच ओळीला) दोघेच असले, तर आळीपाळीने श्वास घेऊन ओळ अखंड राहते, पण ४४० हर्ट्झच्या स्वरावर दोघांत पाच सेंटांचा फरक पडला तरी आवाज लहान-मोठा होत सेकंदाला सव्वा लाट ऐकू येते. तिघांत ती झाकली जाते.

मैफलीत सहा मिनिटांत वीस सेंट गेले तर फारसं कुणाला कळत नाही. रेकॉर्डिंग तुकड्यांनी बनतं, तिथे जोडाच्या जागी सगळा संच पायरी चुकल्यासारखा वाटतो. म्हणून दुरुस्तीच्या टेकआधी (चुकलेला तुकडा पुन्हा रेकॉर्ड करण्याआधी) ट्यूनिंग फोर्कचा स्वर देऊन भागत नाही. मूळ टेक त्या जागी जिथे पोचला होता, तो स्वर ऐकवायचा. आणि गायला चार-पाच मात्रा आधीपासून लागायचं. चर्चमध्ये आधीच्या स्वरांचा घुमारा जोडाखाली पसरलेला असतो. नेमक्या जागेवरून उचललं तर तो नसतो, आणि जोड उघडा पडतो.