ऐरोलीच्या खाडीत रोहित पाहायला जाताना

आई-बाबांना रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायचे म्हणून मला रविवारची दुपार हवी होती. होडीवाल्यांचं फोनवर उत्तर आलं, "ताई, त्या दिवशी अष्टमी आहे. दुपारी नुसता चिखल, होडी हलणार नाय."

ठाणे खाडीतली फेरी सुट्टी बघून ठरत नाही, तिथी बघून ठरते. होडीवाल्या दादांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती साधारण भरतीची वेळ. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी सुकती, म्हणजे ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहा. खाडीत आतपर्यंत पाणी चढायला थोडा वेळ लागतो, तो वर धरायचा. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्याला जोर नसतो. मी त्रयोदशी धरली आणि ऑफिसातून रजा टाकली.

ऐन भरतीला जाऊनही उपयोग नाही. चिखल बुडाला की रोहित सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींकडे उडतात. म्हणून पाणी उतरायला लागल्यावर निघालो. तिवरांच्या कडेने चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली आणि थवे उतरू लागले. मान खाली, चोच उलटी, डोकं डावी-उजवीकडे फिरवत शेवाळ गाळून घेणं चाललेलं. दादांनी बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं. आणखी जवळ नेण्याचा आग्रह त्यांनी शांतपणे नाकारला. मला ते फार आवडलं.

या भागाला अभयारण्याचा दर्जा मिळाला 2015 मध्ये, खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली 2022 मध्ये. दिवा, घणसोली, वाशीची कोळी-आगरी माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून इथे जाळी लावतात. चिंबोरी, कोळंबी, निवट्या यांवर घरं चालायची. कारखान्यांचं आणि गटारांचं पाणी खाडीत येऊ लागलं तशी मासळी आटली, असं दादा सांगत होते. सांडपाण्यावर शेवाळ फोफावतं आणि छोटा रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीला तेच लागतं. तेव्हा गुलाबी थवे दिसले म्हणजे खाडी निरोगी, असं कोणी समजू नये. कोळ्यांच्या जाळ्यात काय येतं, तेही विचारावं.

जायचं असेल तर एप्रिल-मेपर्यंत पक्षी असतात. पंचांगात द्वादशी ते पौर्णिमा बघा, आणि वेळ पक्की करण्याआधी होडीवाल्यांशी बोला.