रेव्हन शील्ड, हात न लावता: बँक सुटली एकदाची!

मंडळी, रेव्हन शील्ड या रेनबो सिक्स मालिकेतल्या पीसी गेममधलं ओलीस सोडवायचं बँकेचं मिशन सुटलं. एकही ओलीस गेला नाही, आपला एकही गडी पडला नाही, आणि नियम जसाच्या तसा पाळून: जे काय आखायचं ते प्लॅनिंगच्या नकाशावर, एकदा मिशन सुरू झालं की ऑब्झर्व्हर मोडमध्ये (नुसतं बघत) बसून फक्त गो-कोड, म्हणजे थांबलेल्या टीमला 'निघा' असे इशारे द्यायचे, बाकी माउसला हात नाही. मागचे अपडेट वाचलेल्यांना माहितीये माझं डोकं किती फिरलं होतं, सगळं सोडून थेट व्हेगास (याच मालिकेतला नंतरचा गेम) लावतो इथपर्यंत गोष्ट आली होती.

दुखणं तेच जुनं. ओलीस ठेवलेली खोली, दोन दारं. रेड टीम एका दारावर, ग्रीन टीम दुसऱ्यावर, दोघांना अल्फा हा एकच गो-कोड, फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा बॉम्ब) टाकायची आणि एकदम आत. नकाशावर इतकं देखणं दिसतं की बास. प्रत्यक्षात चार जणांची टीम दारात आली की पहिला आत जातो, दुसरा उंबऱ्यावर थबकतो आणि मागचे दोघं त्याच्या पाठीला टेकून उभे, दादरला लोकलच्या दारात एखादा ना उतरतो ना आत सरकतो तसं. तेवढ्यात आतला टँगो (दहशतवादी) भानावर येतो, ओलिसाकडे वळतो, संपलं. आणि रट्टा मारूनही भागत नाही कारण दर खेपेला टँगो वेगळ्या जागी असतात, म्हणजे काल जो कोपरा रिकामा होता तिथेच आज एक जण बंदूक घेऊन उभा.

स्पीड बदलून बघितला. ब्लिट्झ (सगळ्यात वेगवान) ठेवला की रेड आधीच पोचून बसते आणि येता येता भलत्याच कुणाला तरी सावध करते, कॉशस (सावध, हळू) ठेवला तर ग्रीनची वाट बघता बघता चहा होतो. गॅसही केला, पण मग सगळ्यांना मास्क द्यावा लागतो आणि एक गॅजेटचा स्लॉट तिथेच जातो, तो हार्टबीट सेन्सरला (भिंतीपलीकडची माणसं दाखवतो) जास्त कामाचा असं माझं ठाम मत आहे (हो, गॅसवाले भांडायला येणार, या).

सुटलं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे आठ जणांचे चार-चार करणं बंद. रेड दोन, ग्रीन दोन, गोल्ड चार. दोघांच्या टीमला दारात अडकायला माणूसच उरत नाही! गोल्डचे चौघं जिन्यावर, वरून-खालून कुणी आलं तर त्यांनी बघायचं, आणि चौघं असल्याने तिथे गर्दी झाली तरी बिघडत नाही. दुसरी गोष्ट, आणि हीच खरी चावी: खोलीतला वेपॉइंट (टीमने कुठे जायचं ती नकाशावरची खूण) दाराच्या लगेच आत ठेवायचाच नाही, पार समोरच्या कोपऱ्यात नेऊन टाकायचा. पुढचा माणूस त्या वेपॉइंटला पोचेपर्यंत चालतच राहतो, त्यामुळे मागच्याला आत यायला आपोआप वाट मिळते. एवढंच! अल्फावर गोल्ड जिना धरते, ती जागेवर पोचली की ब्राव्होवर दोन्ही दारं. खोलीपर्यंत इन्फिल्ट्रेट (गुपचूप), दारापासून असॉल्ट (थेट हल्ला). पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा सगळी फायरिंग संपायला इतका कमी वेळ लागला की मला वाटलं काहीतरी बगच आलाय. मग तोच प्लॅन परत परत लावून बघितला, टँगो कुठेही असोत, बहुतेक वेळा निघतो. बहुतेक वेळा म्हणतोय, जिन्यावर गोल्ड कधीकधी भिंतीकडे तोंड करून उभी राहते त्याला माझ्याकडे औषध नाही.

ह्या सगळ्यात एक जाणवलं, रेड स्टॉर्म कंपनीने 1998 ला या मालिकेतला पहिला गेम काढला तेव्हा स्क्रीनवर हातातली बंदूकसुद्धा दिसत नव्हती, नुसता रेटिकल (नेमाची खूण), कारण खरा गेम नकाशावरच होता. 1999 च्या रोग स्पिअरमध्ये वाकून डोकवायला मिळालं, 2003 ला रेव्हन शील्ड अनरिअल इंजिनवर आला, बंदूक दिसायला लागली, दार माउसच्या चाकाने इंच इंच उघडता यायला लागलं (असलं दार आजही फार कमी गेममध्ये बघितलंय), तरी नकाशा होताच. मग पीसीवरच्या 'लॉकडाउन' या पुढच्या गेमने प्लॅनिंगच काढून टाकलं. त्याबद्दल इथे पुरेशा शिव्या घालून झाल्यात.

पण व्हेगासला आपण जरा जास्तच झोडतो राव. तब्येत आपोआप भरून येते वगैरे मला पण नाही आवडत, पण दाराखालून स्नेक कॅम (वळणारा छोटा कॅमेरा) सरकवून आधी कोणाला मारायचं ते खूण करून सांगायचं आणि मग टीम आत सोडायची, हे प्लॅनिंगच आहे की, फक्त अख्ख्या इमारतीऐवजी एका दारापुरतं. आणि मालिकेतल्याच 2015 च्या सीज या ऑनलाइन गेममध्ये राउंडच्या सुरुवातीचे 45 सेकंद ड्रोन फिरवतो ना, तेही तेच. नकाशा गेला, पाच जणांचं हेडसेटवरचं बोलणं आलं. फरक एवढाच की माझ्या रेड टीमला मी सांगितलेलं कळतं, सीजमध्ये रँडम लोकांना नाही कळत. अमरेलीची काली (सीजमधलं स्नायपर पात्र) घेऊन पोरं लांबून नेम धरत बसतात आणि ऑब्जेक्टिव्हवर कोणी जातच नाही.

आता पुढचं. ठरल्याप्रमाणे अथीना स्वोर्ड (रेव्हन शील्डची पुरवणी) लावणार होतो, ईगल वॉच या पहिल्या गेमच्या पुरवणीतला ताजमहाल पण कधीचा राहिलाय. पण हे टाइप करता करताच डोक्यात आलं, प्लॅन सेव्ह होतो ना, मग तुमचे प्लॅन मी का नाही चालवायचे? मी नकाशासुद्धा उघडणार नाही, फक्त गो-कोड देणार, आणि कोणाचे ओलीस जगले ते इथे टाकणार. म्हणजे अथीना स्वोर्ड लांबणीवर, त्याआधी रेव्हन शील्डचं ऑइल रिफायनरी मिशन, तुमच्या डोक्याने.

अटी: 1.60 पॅच, कुठलाही मॉड नाही. ओपनआरव्हीएस (चाहत्यांनी बनवलेला पॅच) टाकलेलं असेल तर हरकत नाही, माझ्याकडेही आहे आणि ज्यांनी बनवलं त्यांचे पाय धरावेत इतकं छान चालतं. कोणता गो-कोड कधी द्यायचा ते वेगळं लिहून पाठवा, झुलू (स्नायपरसाठीचा गो-कोड) वापरणार असाल तर स्नायपर कोणत्या टीममध्ये तेही. आणि कृपया चार-चार करून पाठवू नका.