गोठ्यातल्या सात सायकली

आमच्या आराखड्यात सहा वाटा आहेत. पाच शाईने काढून झाल्या. सहावी सप्टेंबरपासून पेन्सिलीतच आहे. लिहायला बसले ती त्या सहावीपायी.

खानदेशातलं एक लहान तालुक्याचं गाव. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आलेली. भोवती दोन-चार किलोमीटरवर वस्त्या आणि दोन मोठी गावं. तिथून माणसं रोज शाळेला, बाजाराला, दवाखान्याला येतात. त्यांना पायी आणि सायकलने नीट येता यावं म्हणून वाटांचा प्रकल्प अहवाल करायचं काम आमच्या छोट्या संस्थेला मिळालं. मी नगररचनाकार आहे. पार्किंगचे, चौकांचे आराखडे बरेच केले, पण हे काम मी मागून घेतलं.

अशा कामाची सुरुवात उपग्रहाच्या चित्रापासून होत नाही, गाव नकाशापासून होते. भूमी अभिलेखच्या कार्यालयातून नक्कल काढायची आणि तिच्यावर तुटक रेघा शोधायच्या. दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. त्यातले चार आणे घेतले की बरोबर सव्वाआठ फूट येतात. मीटरमध्ये अडीच. समोरासमोरून दोन सायकली जातील आणि कडेने एखादं म्हातारं माणूस काठी टेकत चालेल, एवढी ऐसपैस जागा! हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी टेबलावरून उठून सगळ्यांना दाखवत फिरले होते. नव्या वाटांसाठी भूसंपादन, मोबदला, कोर्ट यांची एवढी धास्ती घेतात, आणि इथे आपल्या पणज्यांच्या पायवाटा पोटखराब्यात, म्हणजे लागवडीत न धरलेल्या जमिनीत नोंदलेल्या, रुंदीसकट पडून आहेत.

त्रास होतो तो नकाशा जमिनीवर बसवताना. प्रमाण मैलाला आठ इंच, म्हणजे १:७९२०. कागदावरचा एक मिलिमीटर शिवारात जवळपास आठ मीटर. रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तरी चार मीटर झाली, म्हणजे वाटेपेक्षा रेघच जाड. त्यात जुना कागद एका अंगाने ताणलेला, दुसऱ्या अंगाने आकसलेला. म्हणून तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथले दगड शोधत हिंडायचं, त्यांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि त्यावर नकाशा ओढून बसवायचा. सातपैकी चार दगड आम्हाला मिळाले. एक विहिरीच्या कठड्यात चिणलेला होता, तो धरला नाही. एकाला शेंदूर लावून देव केलेलं होतं. तो सगळ्यात भरवशाचा, कारण शेंदूर लावलेला दगड कुणी हलवत नाही. भूकरमापक आणि कोतवाल दोघंही माझ्याबरोबर उन्हात चार दिवस फिरले. आमचे पुण्यातले वरिष्ठ मात्र हे काम दोन दिवसांत संगणकावर होईल म्हणत राहिले. हुशार माणूस आहे, पण शिवारात न जाता ओढलेली रेघ कुणाच्या तरी विहिरीतून जाते, हे त्यांना पटत नाही.

दुसरी माझी जुनी तक्रार वाहनमोजणीच्या तक्त्याबद्दल आहे. रस्त्यावरची गर्दी मोजताना प्रत्येक वाहनाला मोटारीच्या हिशेबात भार देतात. मोटार एक. ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात बैलगाडीला आठ, सायकलला अर्धा. चालणाऱ्याला काहीच नाही, त्याला त्या तक्त्यात ओळच नाही. बेरजेत जो येत नाही त्याच्यासाठी पैसे मागायचे कसे? दर वेळी मी पादचाऱ्यांचा वेगळा तक्ता जोडते आणि दर वेळी तो परिशिष्टात ढकलला जातो.

सहावी वाट पन्नासेक घरांच्या एका वस्तीची. डांबरी रस्त्याने सव्वातीन किलोमीटर. नकाशात मात्र थेट पायमार्ग, दोन किलोमीटरच्या आसपास, नोंद स्वच्छ. सहांतली ही सगळ्यात सोपी, असं मी धरून चालले होते. आम्ही दोन ठिकाणी कॅमेरे लावले, डांबरी फाट्यावर आणि पायमार्गाच्या तोंडाशी. वस्तीवरून शाळेत येणाऱ्या मुलींची संख्या दोन्हीकडे शून्य आली. शाळेच्या हजेरीपटावर मुली होत्या, रोज येत होत्या, आणि वाटेवर कुठेच नव्हत्या. आमचा सहकारी म्हणाला, मागणीच दिसत नाही, ही वाट वगळू या. मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

आठवी ते दहावीच्या सात मुली निघाल्या, सातही जणी सायकलवर. मी कोण, कशाला आलेय ते सांगितलं, तर माझ्यासाठी त्या सायकली हातात धरून चालायला लागल्या. जिनिंगच्या भिंतीमागून, मग नाल्यावरून. नाल्यात नळकांडी टाकलेली होती, पण त्यांची तोंडं पऱ्हाट्यांनी आणि मल्चिंगच्या प्लॅस्टिकने बुजलेली, पाणी वरूनच वाहत होतं. पायमार्गाने का नाही जात, असं विचारलं तर सगळ्या गप्प झाल्या. मग एक जण म्हणाली, "तिकडे दुकान आहे ना, ताई." देशी दारूचं दुकान, बरोबर वाटेच्या तोंडाशी. तिथून पुढे अर्धा किलोमीटर दोन्हीकडे केळी, मध्ये घर नाही. आणि डांबरी रस्त्यावर? साइडपट्टी वीतभर खाली गेलेली, डंपर आला की सायकल खाली घालायची आणि पुन्हा वर चढवायची. एकीच्या कोपरावर त्याची खूण होती.

नाल्यापलीकडे नानांचं खळं. नाना साठीपुढचे, केळीचे शेतकरी. मुली विचारल्याशिवाय गोठ्यात शिरल्या आणि सायकली ओळीने भिंतीला लावल्या. सगळ्या एकसारख्या. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्या ह्या. वस्ती तिथून सातशे मीटर, पण पावसाळ्यात काळ्या मातीतून चाक फिरत नाही. मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल असा गच्च बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. म्हणून सायकली नानांच्या गोठ्यात, चपला हातात, आणि पुढे बांधावरून पायी. सकाळी पाय धुवायला नानी हौदाशी बादली भरून ठेवतात. अंधार लवकर पडायला लागला की नाना बांधाच्या तोंडाशी बल्ब लावतात. पंधरा-सोळा वर्षं हे असंच चाललंय. वस्तीवरच्या आधीच्या मुली शिकून, लग्न होऊन गेल्या.

मला भरून आलं आणि मी घाई केली. म्हटलं, "नाना, हीच वाट आपण आराखड्यात घेऊ. पक्की करू."

नाना लगेच म्हणाले, "पोरी जाऊ द्या. कागदावर नको, ताई."

मला वाटलं, मोबदल्याचा विषय आहे. तसं नव्हतं. मे २०२५च्या शासन निर्णयाची त्यांना नीट माहिती होती. शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर, आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद. बोटांवर मोजत म्हणाले, "माझा बांध चारशे मीटर. गुणिले तीन. बारा आर गेले. दीड बाय दीड मीटरवर केळीची पाचशेच्या वर खोडं. ठिबकची सबमेन बांधाला लागून आहे, ती काढायची ती वेगळीच." मी मनात हिशेब केला, ५३३ येत होते. "तेही एक वेळ देईन. पण आज पोरी जातात. कागद झाला की ट्रॅक्टर जाईल, मग डंपर जाईल, मग पलीकडची जमीन घेऊन कुणी प्लॉट पाडेल. तेव्हा मी कुणाला अडवू? आणि मग त्या डंपरपुढून पोरी जातील का?"

मी म्हटलं, दोन्ही तोंडांना खांब रोवू, सायकलपेक्षा मोठं काही शिरणार नाही. ते म्हणाले, "खांब कोण उपटतो ते मी बघितलंय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या एका गावात आम्ही रोवलेले खांब सहा महिन्यांत गेलेले मीही पाहिले आहेत.

मग मी कायद्यात वाट शोधायला लागले. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ आहे, त्यात तहसीलदार दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा हक्क देऊ शकतात. पण तो मागायचा जमीनधारकाने, स्वतःच्या शेतात जाण्यासाठी. १९०६च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५ अडवलेली वाट मोकळी करायला आहे, आणि इथे कुणी काही अडवलेलंच नाही. वहिवाटीचा हक्क २० वर्षांच्या वापराने लागतो, पण परवानगीने केलेला वापर त्यात धरत नाहीत, आणि इथे सगळी वाटच नानांच्या परवानगीवर चाललेली. शेतात जाणाऱ्याला वाट मागायची सोय आहे, शाळेत जाणाऱ्या मुलीला ती कुठल्या कलमाखाली मागावी हे मला अजून सापडलेलं नाही. सायकल द्यायला योजना आहे. ती चालवायच्या वाटेचं नाव त्या योजनेत नाही.

नगरपंचायतीतल्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. अभियंता साहेबांनी आयआरसी १०३, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची संहिता, पुढे केली. पादचारी मार्गाला १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, त्याखाली तांत्रिक मंजुरी मिळणार नाही, म्हणाले. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, पण ती संहिता शहरातल्या पदपथांसाठी आहे, बांधासाठी नाही. एका सदस्यांना तिथे पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे हवे होते, सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी. पहाटे मोटारीने येऊन चालणाऱ्यांसाठी पैसा लगेच सुचतो आणि रोज चालावंच लागणाऱ्यांसाठी सुचत नाही, याचा मला राग येतो, आणि तो मी त्या बैठकीत लपवला नाही.

मी काढलेला वाटेचा आडवा छेद मला अजूनही बरोबर वाटतो. रुंदी सव्वा मीटर. वरची काळी माती वीतभर काढायची, ३० सेंटिमीटर मुरूम दोन थरांत, पाणी मारून दाबायचा, मध्ये किंचित उंचवटा, नाल्याच्या बाजूला चर. काँक्रीट नको. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बारीक पट्टीच्या काँक्रीटला दोन वर्षांत मधोमध चीर पाडते. मुरूम दबला तर पुन्हा टाकता येतो, गावातलीच माणसं टाकू शकतात. नाल्यावर नळकांड्यांऐवजी एकच मोकळा गाळा, म्हणजे पऱ्हाट्या अडकणार नाहीत. एवढं झालं तर सायकली ऐन पावसाळ्यात वस्तीपर्यंत जातील. चारशे मीटरला पाच आर जमीन, तीही निम्मी बांधाचीच.

पण रेघ काढली की वाट दप्तरात गेली, आणि दप्तरात गेली की नाना उद्या गोठ्याला फाटक लावतील. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण मला ते दिसतंय. रेघ नाही काढली तर एक टोपली मुरूमही पडणार नाही. आणि नानांनंतर काय, हा प्रश्न आहेच. थोरला मुलगा सुरतेला असतो. धाकटा गावात प्लॉटच्या व्यवहारात आहे. वाटणी झाली की हा बांध कुणाच्या नावावर जाईल, हे मी विचारलं नाही. नाना आपण होऊन म्हणाले, "माझ्यापर्यंत जातील पोरी. पुढचं पोरांना विचारा."

नकाशातला पायमार्ग सहावी वाट म्हणून दाखवून मोकळं व्हावं, असा आमच्याकडे सगळ्यांचा सल्ला आहे. नोंद आहे, रुंदी आहे, मंजुरी मिळेल, बिल निघेल. दारूच्या दुकानासमोरून अडीच मीटरची सुंदर वाट होईल आणि तिच्यावर एक मुलगी येणार नाही. त्यावर सही करायला माझा हात होत नाही.

दिवाळीनंतर नानांचा फोन आला. हालहवाल झाली, सायकली बऱ्या आहेत म्हणाले. मग थांबून विचारलं, "ताई, कागदात रुंदी लिहावीच लागते का? नुसतं पोरींच्या जाण्यापुरतं, असं नाही लिहिता येत?" मी कार्यालयात विचारलं. रुंदीचा रकाना कोरा ठेवता येत नाही, असं उत्तर मिळालं. कमीत कमी किती लिहिता येईल, हे मात्र तिथे कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही.

मंगळवारी मी टेप घेऊन पुन्हा जातेय. मुलींच्या पावलांनी बांधावर पडलेली वाट नेमकी किती रुंद आहे, ते दर दहा मीटरवर मोजायचं आहे. नाना बरोबर फिरणार आहेत. धाकट्यालाही घेऊन येतो, म्हणालेत.